प्रवेश झाला, पैसे जमले. बोट कुठे टेकवायचं?

भाचीच्या विद्यार्थी व्हिसासाठी तिच्याबरोबर मुंबईच्या व्हिसा केंद्रात गेले होते. आदल्या आठवड्यात घरात लग्न झालेलं, त्यामुळे पोरीच्या बोटांच्या टोकांवर मेंदी चांगली गडद चढलेली. काचेवर चार बोटं टेकवली की यंत्र लाल दिवा दाखवायचं. काउंटरवरच्या मुलीने ओला टिश्यू पुढे केला, "जरा घासून पुसा ताई" म्हणाली, आणि तिसऱ्या खेपेला हिरवा दिवा लागला. सगळं मिळून दहा मिनिटांचं काम. बाहेर येऊन आम्ही वडापाव खाल्ला आणि परतीची गाडी धरली.

ती दहा मिनिटं मला पुन्हा आठवली 2025 च्या उन्हाळ्यात. गाझा पट्टीतल्या सुमारे चाळीस विद्यार्थ्यांना ब्रिटनमधल्या विद्यापीठांत प्रवेश मिळाला होता आणि पूर्ण शिष्यवृत्तीही. म्हणजे फी, राहणं, खाणं, सगळं भागलेलं. तरी ते निघू शकत नव्हते, कारण बोटांचे ठसे द्यायला जागा नव्हती. ठसे आणि फोटो घेण्याच्या या कामाला बायोमेट्रिक म्हणतात, आणि त्याशिवाय ब्रिटन सहसा व्हिसा देत नाही. गाझातलं केंद्र ऑक्टोबर 2023 पासून बंद. दुसऱ्या देशातल्या केंद्रात जावं, तर आधी गाझाबाहेर पडायला हवं. बाहेर सोडणारे विचारणार, पुढच्या देशाचा व्हिसा दाखवा. व्हिसासाठी ठसे, ठशांसाठी प्रवास, प्रवासासाठी व्हिसा.

प्राध्यापक, खासदार आणि विद्यार्थी संघटनांनी बराच तगादा लावल्यावर ब्रिटिश सरकारने हालचाल केली आणि सप्टेंबर 2025 मध्ये तीसहून अधिक जणांची पहिली तुकडी जॉर्डनमार्गे ब्रिटनमध्ये पोचली. त्यावर आपल्याकडे समाजमाध्यमांवर जे प्रश्न वाचले ते साधे होते. हे पैसे देतं कोण? का देतं? तिथे विद्यापीठं नाहीत का? आणि युद्धात होरपळलेल्या लोकांना एम.ए. करायला पाठवण्यात काय हशील?

पैसे देणारी संस्था म्हणजे नेमकं काय

मोठ्या योजना आहेत. ब्रिटिश कौन्सिल 2010 पासून 'हेसपाल' नावाची योजना चालवते. पॅलेस्टिनी विद्यापीठांतल्या तरुण शिक्षकांनी ब्रिटनमध्ये पुढचं शिकावं आणि आपल्या विद्यापीठात परत जाऊन शिकवावं, हा तिचा हेतू. पण मला जास्त रस वाटतो तो छोट्या, गावपातळीवरच्या संस्थांत. इंग्लंडच्या ईशान्येला डरहॅम म्हणून जुनं विद्यापीठाचं शहर आहे. तिथे 1984 पासून 'डरहॅम पॅलेस्टाइन एज्युकेशनल ट्रस्ट' आहे. काम एकच: पॅलेस्टिनी पदवीधरांना डरहॅममध्ये एक वर्षाचं मास्टर्स करायला आणायचं. दर वर्षी मोजकेच. तरी चाळीस वर्षं अशी यादी चालू राहिली की बऱ्यापैकी लांब होते.

आपल्याकडच्या सार्वजनिक न्यासासारखाच हा प्रकार. विश्वस्तांना मानधन नसतं, हिशेब दर वर्षी नियामकाकडे जातो, आणि ज्या कामासाठी पैसे घेतले त्याच कामावर ते खर्चायचे असतात. देणगी देणारा तिकडे कर भरत असेल, तर त्याच्या 100 पौंडांवर संस्थेला सरकारकडून आणखी 25 पौंड मिळतात. आपल्याकडे देणगीवरची करसवलत देणाऱ्याच्या खिशात येते, तिकडे मूळ सवलत थेट संस्थेच्या झोळीत पडते. महिन्याला दहा पौंड देणाऱ्या निवृत्त शिक्षिकेलाही त्यामुळे आपण काही केल्यासारखं वाटतं, आणि खरंच केलेलं असतं.

आता हिशेब. ब्रिटनमध्ये परदेशी विद्यार्थ्याला मास्टर्सची फी सर्रास वीस हजार पौंडांच्या वर असते. एवढे पैसे छोटी संस्था कुठून उभे करणार? इथे विद्यापीठाने दिलेली शुल्कमाफी कामाला येते. एसटीचं उदाहरण घ्या. गाडी सुटणारच आहे, चालक-वाहकाचा पगार ठरलेला, डिझेल तेवढंच लागणार. मागे एक सीट रिकामी असेल आणि त्यावर एकाला तिकिटाशिवाय बसवलं, तर महामंडळाचं फारसं काही जात नाही. वर्गात एक विद्यार्थी जास्त बसवणं विद्यापीठाला असंच परवडतं. पण गाडी वाटेत थांबते तिथलं जेवण, मुक्कामाची खोली, यासाठी रोख पैसे लागतात, आणि ते संस्थेने जमवायचे. लंडनबाहेर राहण्याखाण्याचा खर्च ब्रिटिश व्हिसा नियमांनी 2025 च्या सुरुवातीला महिन्याला 1,136 पौंड धरला होता. बारा महिन्यांचे झाले साडेतेरा हजारांवर. त्यात आरोग्यसेवेचा वर्षाला 776 पौंडांचा अधिभार, व्हिसाची फी, विमान, थंडीचा कोट. म्हणजे फी माफ झाली तरी माणशी सतरा-अठरा लाख रुपयांच्या घरात जातं. बांधकाम किंवा मोठं कार्यालय नसलेल्या संस्थेला हे दोन-चार जणांसाठी जमतं, वीस जणांसाठी नाही.

कर्ज काढावं असं कुणी म्हणेल. आपण फ्लॅट किंवा शेत तारण ठेवून मुलं परदेशी पाठवतो. शिवाय स्वखर्चाने जाणाऱ्याला ठरावीक रक्कम सलग 28 दिवस खात्यात पडून असल्याचं दाखवावं लागतं. त्या 28 दिवसांसाठी मामा, काका, आत्या यांच्याकडून पैसे फिरवून आणणारी घरं मी पाहिली आहेत. जिथे घरच उरलेलं नाही आणि बँकेची शाखाही नाही, तिथे तारण काय ठेवणार?

तिथे विद्यापीठं नाहीत का?

आहेत, आणि होती. पॅलेस्टिनी समाजात साक्षरता 97 टक्क्यांहून जास्त आहे. ज्यांची जमीन गेली, गाव गेलं, त्यांनी पोटाला चिमटा काढून मुलांना शिकवलं, कारण शिक्षण सोबत नेता येतं. पॅलेस्टिनी प्रदेशाचे दोन तुकडे, गाझा आणि वेस्ट बँक, आणि मधे इस्रायल. वेस्ट बँकमधल्या रामल्लाजवळचं बिरझेत विद्यापीठ 1924 साली मुलींची शाळा म्हणून सुरू झालं आणि 1970 च्या दशकात विद्यापीठ झालं. त्याच दशकात बेथलेहेम (1973), नाब्लसचं अन-नजाह (1977) आणि गाझाचं इस्लामिक विद्यापीठ (1978) उभं राहिलं. एकच वाक्य सोबत लिहून ठेवते, ही सगळी विद्यापीठं इस्रायली लष्करी अंमलाखाली उभी राहिली आहेत.

तो अंमल म्हणजे काय हे बिरझेतच्या एका गोष्टीवरून कळेल. पहिल्या इंतिफादाच्या, म्हणजे 1987 च्या शेवटी पेटलेल्या उठावाच्या काळात लष्कराने विद्यापीठं बंद केली. बिरझेत 1988 पासून 1992 पर्यंत, चार वर्षांहून जास्त काळ बंद होतं. तेव्हा शिक्षकांनी कुणाच्या दिवाणखान्यात, कुणाच्या कचेरीत लपूनछपून वर्ग घेतले. चार वर्षांची पदवी मिळवायला काहींना त्याच्या दुप्पट काळ लागला.

तर पदवीपर्यंतचं शिक्षण तिथे आहे. अडतं त्याच्या पुढे. काही विषयांत मास्टर्स होतं, पीएच.डी.च्या सोयी मात्र फारच थोड्या. आणि विद्यापीठात शिकवायचं तर याच पदव्या लागतात. म्हणजे पदवीधर खूप, पण त्यांना शिकवणारे पुढचे शिक्षक घडवायचे तर बाहेर पाठवणं भाग. दुसरा मार्गही लांबचा नाही, पण बंद आहे: गाझातल्या मुलीने वेस्ट बँकमधल्या बिरझेतला जावं. नकाशावर अंतर मुंबई–लोणावळ्याएवढं. पण 2000 नंतर इस्रायलने गाझातल्या विद्यार्थ्यांना वेस्ट बँकेत शिकायला जाऊ देणं जवळपास थांबवलं. त्यामुळे गाझाच्या विद्यार्थ्याला शेजारच्या गावापेक्षा इंग्लंड जवळ, अशी उलटी भूमिती तयार झाली.

गाझातून बाहेर पडायचं म्हणजे

गाझा पट्टी 365 चौरस किलोमीटरची, बृहन्मुंबईच्या साधारण साठ टक्के. लोकसंख्या वीस लाखांच्या वर. विमानतळ 1998 साली सुरू झाला आणि दोन-तीन वर्षांत बंद पडला; धावपट्टी उखडली गेली. उत्तरेला इस्रायलच्या बाजूचं एरेझ फाटक, दक्षिणेला इजिप्तच्या बाजूचं रफाह. रफाहचा ताबा मे 2024 मध्ये इस्रायली सैन्याने घेतला. वेस्ट बँकेतल्या विद्यार्थ्याचं त्यातल्या त्यात बरं. तो ॲलनबी पूल ओलांडून जॉर्डनमध्ये जातो आणि अम्मानहून विमान धरतो. तिथेही रांगा, झडती, पूल अचानक बंद होणं आहेच.

हे सगळं 2023 नंतरचंच आहे असं समजू नका. 2008 साली अमेरिकेची फुलब्राइट शिष्यवृत्ती गाझातल्या सात जणांना मिळाली होती. इस्रायलकडून बाहेर पडायची परवानगी मिळत नाही म्हणून अमेरिकी परराष्ट्र खात्याने त्या शिष्यवृत्त्या चक्क काढून घेतल्या. ओरड झाल्यावर पुन्हा दिल्या. अमेरिकी सरकार पाठीशी असून ही गत, तर इंग्लंडातल्या पाच-सहा विश्वस्तांच्या शब्दाला फाटकावर काय वजन असणार? म्हणून अशा संस्थांचे कार्यकर्ते पैसे जमवण्याइतकाच वेळ पत्रं लिहिण्यात घालवतात. खासदाराला, वकिलातीला, विद्यापीठाच्या प्रवेश विभागाला, परत खासदाराला.

अर्ज भरण्याचंही तेच. भाचीच्या वेळी विद्यापीठातून गुणपत्रकांच्या साक्षांकित प्रती काढायला आम्ही चार खेपा घातल्या आणि प्रत्येक खेपेला मी त्या खिडकीमागच्या माणसाला मनात शिव्या दिल्या. पण खिडकी होती, माणूस होता. गाझातल्या विद्यार्थ्याला गुणपत्रक हवं असतं ज्या विद्यापीठाची इमारत कोसळली आहे, ज्याचा कुलसचिव तंबूत राहतो. इंग्रजीची परीक्षा द्यायला केंद्र नाही. मुलाखत ऑनलाइन, त्यासाठी फोन सौर पॅनेलवर चार्ज करायचा आणि सिग्नल मिळेल अशा उंचवट्यावर जाऊन बसायचं. काही विद्यापीठांनी म्हणून नियम सैल केले: इंग्रजीची वेगळी चाचणी, कागद नंतर दिले तरी चालतील, असं.

"आधी भाकरी, मग पदवी" असं नको का?

हा आक्षेप मला प्रामाणिक वाटतो. उपासमार चाललेल्या भागातल्या एका माणसावर सतरा लाख खर्च करायचे, त्यात किती पिठाची पोती आली असती?

पण दुष्काळातलं शेतकऱ्याचं घर आठवा. खायला दाणा नसला तरी बियाण्याच्या मडक्याला आजी हात लावू देत नसे. पोरं रडायची, तरी नाही. पावसाळा आला की पेरायचं काय, हा प्रश्न तिला भुकेइतकाच खरा होता. गाझात पाऊस येईल तेव्हा दवाखाने, पाणी, शाळा, कायदा, सगळं पुन्हा उभं करायचं आहे आणि ते करणारे लोक आजच तयार व्हावे लागतील. शिवाय व्यवहाराची गोष्ट अशी की ट्रकभर पीठ आत नेणं अशा छोट्या संस्थेच्या आवाक्यात नाही. त्याला फाटक उघडावं लागतं आणि ते तिच्या हातात नाही. एका माणसाला वर्गात बसवणं मात्र तिला जमतं.

बियाणं किती गेलंय तेही पाहू. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी एप्रिल 2024 मध्ये, म्हणजे युद्धाच्या पहिल्या सहा महिन्यांनंतर, आकडे दिले होते: 5,479 विद्यार्थी, 261 शिक्षक आणि विद्यापीठातले 95 प्राध्यापक ठार. गाझाच्या इस्लामिक विद्यापीठाचे प्रमुख, भौतिकशास्त्रज्ञ सुफियान तायेह, डिसेंबर 2023 मध्ये कुटुंबासह मारले गेले. अल-इस्रा विद्यापीठाची इमारत जानेवारी 2024 मध्ये सुरुंग लावून उडवली. शिक्षणाची व्यवस्थाच मोडून काढण्याला ऑक्सफर्डच्या प्राध्यापिका करमा नाबुल्सी यांनी 2009 मध्येच 'स्कोलास्टिसाइड' हा शब्द दिला होता. मराठीत शिक्षणसंहार म्हणता येईल. इस्रायलचं म्हणणं असं की हमास या इमारतींचा लष्करी वापर करत होतं. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी मात्र हा विध्वंस हेतुपुरस्सर तर नाही ना, असा प्रश्न उघडपणे विचारला.

गेलेले परत येतील का?

परदेशी गेलेली आपली मुलं किती परत येतात हे आपल्याला चांगलं माहीत आहे, त्यामुळे हा प्रश्न मराठी माणसाच्या ओठावर पहिल्यांदा येतो. काही योजना परतण्याची अट घालतात, काही फक्त अपेक्षा ठेवतात.

अटीचं काय होतं याचं उदाहरण आपल्या घरातलं आहे. 1913 साली सयाजीराव गायकवाडांनी एका तरुण पदवीधराला कोलंबिया विद्यापीठात शिकायला महिन्याला साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. करार होता, परत येऊन बडोदा संस्थानात दहा वर्षं नोकरी करायची. भीमराव आंबेडकर करार पाळायला 1917 मध्ये बडोद्याला गेले. त्यांना राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेतून हाकललं गेलं, कचेरीत शिपाई कागद लांबून फेकायचे. थोड्याच दिवसांत ते मुंबईला परतले. कराराच्या कागदाप्रमाणे पाहिलं तर बडोद्याचे पैसे बुडाले. करार माणसाला स्टेशनपर्यंत परत आणतो, बसायला खुर्ची आणि राहायला खोली गावाने द्यावी लागते.

पॅलेस्टिनी विद्यार्थी परतायला तयार नसतात असं नाही. रिफात अलअरीर यांचं उदाहरण जगभर गाजलं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात मास्टर्स, मलेशियात पीएच.डी., आणि परत गाझाच्या इस्लामिक विद्यापीठात इंग्रजी साहित्याचे प्राध्यापक. डिसेंबर 2023 मध्ये हवाई हल्ल्यात ते मारले गेले. गाझात परतणं काही काळ शक्यच नसेल, तर संस्थेने काय करावं? यावर जुना दाखला आहे. 1933 साली हिटलरने ज्यू आणि विरोधी विचारांच्या प्राध्यापकांना विद्यापीठांतून काढलं, तेव्हा विल्यम बेव्हरिज यांच्या पुढाकाराने ब्रिटनमध्ये त्यांना आसरा देणारी संस्था निघाली. ती आज 'कारा' नावाने चालू आहे आणि गाझातल्या प्राध्यापकांचे अर्जही हाताळते. माणूस आधी जगवा, तो कुठे काम करेल ते पुढे पाहू, असा तिचा साधा हिशेब आहे. मला तो पटतो.

फक्त पॅलेस्टिनींनाच का? आणि सुरक्षेचं काय?

ब्रिटनच्या 2010 च्या समानता कायद्यात धर्मादाय संस्थांना मुभा आहे. एखाद्या गटाची खास अडचण दूर करण्यासाठी मदत त्या गटापुरती ठेवता येते, मात्र तसं संस्थेच्या घटनेत लिहिलेलं हवं. आपल्याला हे नवं वाटायचं कारण नाही. शाहू महाराजांनी कोल्हापुरात 1901 पासून मराठा, जैन, मुस्लिम अशी एकेका समाजाची वसतिगृहं काढली. मुलं शिकली, त्याबद्दल कुणी आज तक्रार करत नाही. भारत सरकारही सांस्कृतिक संबंध परिषदेमार्फत पॅलेस्टिनी विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या देत आलंय, आणि गाझाच्या अल-अझहर विद्यापीठात नेहरूंच्या नावाचं ग्रंथालय भारताच्या मदतीने उभं राहिलं होतं.

सुरक्षेची तपासणी इतर कुठल्याही विद्यार्थी व्हिसाइतकीच होते. काही विज्ञान विषयांना तर आणखी एक वेगळी सरकारी मंजुरी लागते. शिष्यवृत्ती कुणाचाही पोलिसी तपास माफ करत नाही.

एक नियम मात्र खरोखर जाचक आहे. जानेवारी 2024 पासून वर्गात शिकवल्या जाणाऱ्या मास्टर्सच्या बहुतेक परदेशी विद्यार्थ्यांना नवरा, बायको किंवा मुलं सोबत आणता येत नाहीत. ब्रिटनमध्ये स्थलांतरितांची संख्या कमी करायला केलेला हा नियम. लेस्टरला शिकायला जाणाऱ्या नाशिकच्या मुलाला तो फार तर महाग पडेल. दोन वर्षांच्या मुलाला तंबूत कडेवर घेऊन बसलेल्या आईला मात्र शिष्यवृत्तीचं पत्र हातात घेऊन ठरवायचं असतं, लेकराला मागे ठेवून जायचं की पत्र परत करायचं. 2025 मध्ये काही जणांवर ही वेळ आली.

आणि जे पोचलेच नाहीत?

विद्यापीठं अशा वेळी प्रवेश वर्षभर पुढे ढकलतात. संस्थेचा प्रश्न जरा निराळा. एखाद्या विद्यार्थ्यासाठी म्हणून जमवलेले पैसे तिला दुसऱ्या कामाला वापरता येत नाहीत. धर्मादाय कायद्याप्रमाणे ते ताळेबंदात वेगळ्या रकान्यात ठेवावे लागतात. त्यामुळे वर्षाच्या शेवटी हिशेब तपासणाऱ्याला पासबुकात शिल्लक चांगली दिसते. खजिनदाराला त्याचं कारण सांगावं लागतं: खोली ठरली होती, फी माफ झाली होती, मुलगी निघाली नाही. रक्कम पुढच्या सप्टेंबरच्या खात्यावर.